न फाडलेल्या पावत्यांचा इतिहास

सप्टेंबर १९६० मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात ट्रॅफिक वॉर्डन पहिल्यांदा रस्त्यावर उतरले. त्यांच्या दंडाची पहिलीच पावती एका डॉक्टरच्या गाडीवर लागली. हॉटेलात कुणाला तरी हृदयविकाराचा झटका आला होता, म्हणून डॉक्टर गाडी बाहेर लावून आत गेले होते. लोक चिडले आणि शेवटी दंड माफ झाला. ब्रिटिश पार्किंगवरच्या लेखांत हा किस्सा हमखास येतो. तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर इथे जरा थांबा. हा प्रसंग आपल्याला कळतो, कारण पावती फाडली गेली. त्याच आठवड्यात एखादा वॉर्डन 'जाऊ द्या, डॉक्टर आहेत' म्हणत पुढे गेला असेल, तर त्याचा कागद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

तेव्हा चुकीचं पार्किंग हा फौजदारी मामला होता. १९९१ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने लंडनमधलं बरंचसं काम पोलिसांकडून बरो कौन्सिलांकडे, म्हणजे स्थानिक पालिकांकडे, नेलं आणि दंडाला दिवाणी देण्याचं रूप आलं. बारीक वाटणारा हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण आता पैसे गाडीच्या मालकाने द्यायचे, आणि दंड मान्य नसेल तर हालचालही त्यानेच करायची. आधी पालिकेला लिहायचं, मग स्वतंत्र ट्रायब्युनलकडे जायचं. तिथे नियम मोडला का, कार्यपद्धती पाळली का, असे ठरावीक मुद्दे चालतात. 'नियम मोडला, पण अडचण खरी होती' एवढंच म्हणणं असेल, तर ट्रायब्युनल पालिकेला फेरविचाराची शिफारस करू शकतं. माफी पालिकेच्याच हातात.

मग कॅमेरे आले. काचेवर लावलेली पावती त्याच दिवशी दिसते. फलक झाडाआड होता, पट्टे पुसट झाले होते, याचा फोटो तिथल्या तिथे काढता येतो. कॅमेऱ्याची नोटीस पोस्टाने, काही दिवसांनी येते. तोवर त्या दिवशी आपण कुठे होतो हेच आठवत नाही, पुरावा कुठून आणणार? यावर इतकी ओरड झाली की २०१५ च्या डीरेग्युलेशन ॲक्टने इंग्लंडमध्ये पार्किंगसाठी कॅमेऱ्यावरून पोस्टाने दंड पाठवण्यावर बंधन घातलं. बस थांबे, शाळेसमोरच्या खुणा, बस लेन, रेड रूट अशा जागा तेवढ्या वगळल्या.

आता आकड्यांकडे या. काचेवरच्या पावतीचे पैसे १४ दिवसांत भरले तर निम्मी रक्कम; कॅमेऱ्याच्या नोटिशीला ही मुदत २१ दिवसांची. ट्रायब्युनलपर्यंत जाऊन हरलात तर साधारणपणे पूर्ण रक्कम. रात्रपाळी करून आलेला, इंग्रजीत अर्ज लिहिण्याची धास्ती असलेला माणूस काय करेल? दंड चुकीचा असला तरी निम्मे भरून मोकळा होईल. पालिकेच्या वहीत त्याची नोंद 'पैसे जमा' एवढीच. तेव्हा ट्रायब्युनलमधल्या यशस्वी अपिलांची टक्केवारी घेऊन 'इतके टक्के दंड चुकीचे' असं कृपा करून लिहू नका. ती फक्त लढणाऱ्यांची टक्केवारी आहे, आणि लढायला वेळ लागतो, भाषा लागते, थोडा हट्टही लागतो.

महाराष्ट्रातल्या ई-चलनावर काम करणाऱ्यांनाही हीच ठेच लागते. लोकअदालतीत तडजोड झाली म्हणजे चूक सिद्ध झाली असं नाही.

लंडनच निवडत असाल, तर एकाच बरोचे २०१५ आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून सुरुवात करा. सोबत त्या कौन्सिलचं दंड रद्द करण्याचं लेखी धोरण आणि समित्यांची इतिवृत्तं वाचा. माफीचा थोडाफार माग तिथेच लागतो. आणि पावत्या घटलेल्या दिसल्या, तर वाहनचालकांना शिस्त लागली असा निष्कर्ष काढण्याआधी त्या रस्त्यावर अजून कॅमेरा होता का, ते पाहा.