कचेरीचा व्हरांडा

पनवेलहून निघालेली वाट पळस्पे फाट्यावर दुभंगते. एक रस्ता घाट चढून पुण्यास जातो, दुसरा कोकणातून गोव्याकडे वळतो. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा पनवेल बंदरात उतरलेला मुंबईचा प्रवासी याच बाजूने पुढे जाई. आता फाट्याच्या आसपास भातखाचरांवर भराव पडून गुदामे आणि कार्यालये उठत आहेत. 2025 च्या ऑक्टोबरात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर तर त्यांना तोटा राहणार नाही. तेव्हा कोकणात कचेरी कशी बांधावी, हा प्रश्न आम्ही इतिहासाला विचारून पाहणार आहोत.

मुंबईचे जुने सचिवालय घ्या. कर्नल विल्किन्स यांनी आखलेली ही इमारत 1874 साली पुरी झाली. अंगावर पोशाख व्हेनिसच्या गॉथिकाचा. पण पश्चिमेच्या दर्शनी बाजूस कमानींचे व्हरांडे, म्हणजे आपली पडवीच. त्या काळी समोर मोकळे मैदान व त्यापलीकडे समुद्र होता. दुपारचे ऊन व्हरांड्यात अडे, खोलीच्या भिंतीपर्यंत पोचत नसे. झडीचा पाऊसही तेथेच थबके आणि वारा मात्र आत येई. पुढे बॅकबेचा समुद्र भरून काढला गेला, मैदान व दर्या यांच्यामध्ये 1930 नंतर इमारतींची रांग उभी राहिली. कचेरी जागच्या जागी राहिली, समुद्र दूर गेला!

तथापि त्या काळच्या गारव्याचे फार कौतुकही नको. साहेबांच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीने ओढावयास माणूस बसलेला असे. त्या हातांचे श्रम हिशेबात धरल्यावाचून जुन्या इमारतींची स्तुती करणे आम्हांस अप्रामाणिक वाटते.

1902 साली अमेरिकेत विलिस कॅरिअर या एंजिनिअराने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरणारी योजना तयार केली. काळजी होती ती कागदाची. माणसाची पाळी मागून आली. मग खोलीला खिडकी हवीच, ही अट सुटली. इमारती रुंद झाल्या, व्हरांडा ही वाया गेलेली जागा ठरली, आणि थंड मुलुखात ऊब देणारी काच आपण उष्ण मुलुखात चारी बाजूंनी लावली. आधी ऊन आत घ्यावयाचे, मग वीज जाळून ते बाहेर काढावयाचे! 2007 साली सरकारने इमारतींसाठी ऊर्जाबचतीची संहिता काढली, ती या उधळपट्टीपायीच.

त्याच सुमारास पुण्यास हडपसर येथे ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉन कंपनीचे ‘वन अर्थ’ हे मुख्यालय रचले. कामाच्या जागी दिवसाचा उजेड, बाहेरून उन्हाला अडविणाऱ्या ॲल्युमिनियमच्या झडपा, मध्ये पाण्याचा चौक. काही वीज तेथेच वाऱ्यावर व उन्हावर तयार होते. झडपा आणि चौक आपल्या आजोबांच्या ओळखीचेच आहेत, एवढे म्हटले तर बेनिंजर यांचा मान उणावत नाही.

पण हडपसरचा नकाशा पळस्प्यास जसाच्या तसा उतरविता येणार नाही. पुण्यास वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पनवेलकडे अडीच हजारांहून कमी क्वचितच, तोही बहुतेक चार महिन्यांत. हजार चौरस मीटर छपरावर अडीच हजार मिलिमीटर म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी. येथे पहिला विचार उन्हाचा नसून पागोळ्यांचा हवा: वळचण किती पुढे काढावी, खालची जमीन फरसबंद करावी की मोकळी ठेवावी, पाणी कोठे थांबवावे. पनवेलकरांना वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी ठाऊक आहेत. कार्यालयाच्या आवारात तसे एखादे तळे खोदणे म्हणजे केवळ शोभा नव्हे.

भातखाचराला चारी बाजूंनी बांध असतो आणि पाणी त्यात उभे राहते. त्याच खाचरावर पुरुषभर भराव घालून वर काँक्रीट ओतले, की तेच पाणी पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याच्या शेतात आणि तेथून रस्त्यावर येते.