बिबट्या नेमका कुठला: जंगलातला, उसातला की शहरातला? एका प्राण्याच्या वाटेवरून समजून घ्या तीन परिसंस्था

२००९ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर इथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला सुखरूप बाहेर काढण्यात आलं, गळ्यात जीपीएस कॉलर बांधली गेली आणि माळशेज घाटात सोडण्यात आलं.

बिबट्या घाटातल्या जंगलात रमेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण तो चालू लागला. शेतं, महामार्ग, कसारा परिसरातला रेल्वेमार्ग ओलांडत महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून तो थेट मुंबईच्या वेशीवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कुणावर हल्ला केल्याची नोंद नाही.

वयस्कर आणि शांत वाटणाऱ्या या बिबट्याला संशोधकांनी 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. २०१४ साली याच नावाचा मराठी सिनेमाही आला.

आजोबाच्या या प्रवासाने एक गोष्ट दाखवून दिली. शेत, जंगल आणि शहर या आपल्यासाठी नकाशावरच्या तीन वेगळ्या जागा असतील, पण बिबट्यासाठी तो एकच सलग प्रदेश आहे. 'बिबट्या शहरात शिरला' या बातमीमागचं कारण शोधायचं असेल, तर या तिन्ही ठिकाणच्या परिसंस्था समजून घ्याव्या लागतात.

परिसंस्था म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणचे सगळे सजीव, तिथली माती, पाणी, हवा, ऊन आणि या सगळ्यांमधली देवाणघेवाण म्हणजे परिसंस्था. ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये मांडली.

वनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात. तृणभक्षी प्राणी वनस्पती खातात, मांसभक्षी प्राणी त्यांना खातात. शेवटी बुरशी आणि जिवाणू मेलेल्या सगळ्यांची माती करतात. त्याच मातीतून पुन्हा वनस्पती उगवतात.

जंगलात हे चक्र बऱ्याच अंशी आपोआप चालतं. शेतात माणूस त्यात हस्तक्षेप करतो. तो एकच पीक लावतो, पाणी आणि खत बाहेरून आणतो आणि तयार झालेलं धान्य किंवा ऊस बाहेर पाठवतो. शहरात तर जवळपास सगळंच बाहेरून येतं. अन्न, पाणी, वीज, बांधकामाचं साहित्य आत येतं आणि कचरा, सांडपाणी बाहेर पडतं.

म्हणजे तिन्ही परिसंस्थाच आहेत. फरक इतकाच, की शेत आणि शहर चालवण्याची जबाबदारी माणसाने स्वतःकडे घेतली आहे.

उसात बिबट्या आला कुठून?

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाची धरणं आणि कालवे झाले. माणिकडोह, येडगाव, डिंभे, वडज या धरणांच्या पाण्यावर कोरडवाहू जमिनी बागायती झाल्या आणि ऊस वाढला.

ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ शेतात उभा राहतो. आत दाट सावली असते, जवळ पाणी असतं आणि महिनोन् महिने तिथे माणसाची फारशी ये-जा नसते. बिबट्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला याहून सोयीची जागा कोणती? वस्तीजवळ कुत्री, शेळ्या, वासरं, डुकरं असतात. त्यामुळे खाण्याचाही प्रश्न मिटतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहत असलेल्या या शेतीच्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचं त्यातून दिसलं. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

थोडक्यात, उसातला बिबट्या हा 'जंगलातून वाट चुकून आलेला' पाहुणा नाही. त्यातले अनेक तिथेच जन्मले आणि तिथेच वाढले आहेत.

मग पकडून जंगलात का सोडत नाहीत?

बिबट्या दिसला की गावातून पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ती स्वाभाविक आहे. पण हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे आणि त्याचे परिणामही नोंदवले गेले आहेत.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात १०० हून अधिक बिबटे पकडले गेले. त्यातल्या काहींना सरासरी ४० किलोमीटर लांबच्या जंगलात सोडण्यात आलं. याआधी या भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत होते. मोहीम सुरू झाल्यावर हा आकडा वर्षाला १७ वर गेला. बिबटे जिथे सोडले, त्या भागाजवळ जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण जास्त होतं.

असं का झालं? बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. एकाला हटवलं की रिकामी जागा शेजारचा किंवा तरुण बिबट्या घेतो. नव्या जागी सोडलेला बिबट्या तिथे अनोळखी असतो, तणावात असतो आणि अनेकदा आपल्या जुन्या इलाक्याकडे परत निघतो. या वाटचालीत त्याची माणसाशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

मुंबईचा अनुभवही असाच आहे. बाहेर पकडलेले बिबटे एकेकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोडले जात. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत जवळपास दहा जणांचा जीव गेला. अशा अनुभवांनंतर केंद्र सरकारने २०११ मध्ये माणूस-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्यांना सरसकट उचलून दुसरीकडे सोडू नये, असा त्यांचा रोख आहे.

मुंबईत काय वेगळं केलं गेलं?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. विहार आणि तुळशी हे तलाव याच जंगलात आहेत आणि त्यांचं पाणी आजही मुंबई पिते. २०१८ च्या सुमारास झालेल्या गणनेत उद्यान आणि लगतच्या परिसरात ४७ बिबटे आढळले. एवढ्या दाटीने बिबटे असलेली ठिकाणं जगात फार थोडी आहेत.

उद्यानात चितळ, सांबर, रानडुक्कर आहेत. पण कडेच्या वस्त्यांमध्ये उघड्यावर कचरा पडतो, कचऱ्यावर भटकी कुत्री जगतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शहरातल्या ढिगाऱ्यावरचं शिळं अन्न आणि जंगलातला शिकारी अशा रीतीने एकाच अन्नसाखळीत जोडले जातात.

या साखळीची दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार इथले बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खात असावेत. त्यामुळे कुत्रे चावण्याच्या आणि पर्यायाने रेबीजच्या घटना कमी होत असाव्यात, असा या संशोधकांचा अंदाज आहे.

२०११ मध्ये वनविभागाने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. पिंजरा लावण्याऐवजी कचरा उचलणं, वस्तीत दिवे लावणं, शौचालयांची सोय, पोलिसांना गर्दी आवरण्याचं प्रशिक्षण आणि पत्रकारांशी संवाद यावर भर देण्यात आला. २००४ सारखी परिस्थिती पुन्हा उद्भवली नाही.

पण धोका संपला, असं नाही. २०२२ च्या दिवाळीत आरे कॉलनीत बिबट्याच्या हल्ल्यात सोळा महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाला.

गावकऱ्यांचा राग चुकीचा आहे का?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन जणांचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यात दोन लहान मुलं होती. संतापलेल्या लोकांनी महामार्ग अडवला. त्यानंतर नेमबाजांकरवी एका बिबट्याला ठार करण्यात आलं आणि बिबट्यांच्या नसबंदीचा प्रस्तावही पुढे आला.

बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सर्वोच्च संरक्षण आहे. मात्र माणसाच्या जीवाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत कारवाईची तरतूदही याच कायद्यात आहे.

बिबट्या वाचला पाहिजे, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. ज्याला रात्री वीज आल्यावर उसाला पाणी द्यायला जावं लागतं, त्याच्यासाठी हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच या भागातले शेतकरी वर्षानुवर्षं दिवसा वीज मागत आहेत. ही मागणी वीज खात्याची वाटते, पण ती तितकीच वन्यजीव व्यवस्थापनाचीही आहे.

तिन्ही ठिकाणी काय करता येतं?

शेतात: जनावरांसाठी बंदिस्त गोठा, घराभोवती उजेड, अंगणालगत ऊस न लावता मोकळी जागा ठेवणं आणि संध्याकाळनंतर मुलांना एकटं न सोडणं. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर ती घरी आणू नयेत आणि वनविभागाला कळवावं. जुन्नरमध्ये अशी पिल्लं सापडल्या जागीच संध्याकाळी सुरक्षित ठेवली जातात आणि अनेकदा मादी येऊन ती घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी जास्त धोकादायक असते.

शहरात: कचरा वेळेवर उचलणं आणि भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणं. बिबट्या दिसला तर गर्दी आणि आरडाओरडा टाळून त्याला निघून जायला वाट देणं. मोबाइलवर व्हिडिओ काढण्यासाठी त्याच्यामागे धावणं हा हल्ला ओढवून घेण्याचा प्रकार आहे.

जंगलात: शिकार आणि वणवे रोखणं, चितळ-सांबरासारखं भक्ष्य टिकवणं आणि जंगलांना जोडणारे पट्टे मोकळे ठेवणं. रस्ते आणि रेल्वेमार्ग आखतानाच प्राण्यांसाठी भुयारी मार्गाचा विचार करावा लागतो. आजोबाचा शेवट महामार्गावरच झाला होता.

अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस साजरी होते. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुराढोरांना आणि माणसांना सांभाळ, असं मागणं मागितलं जातं. गावाच्या वेशीवर वाघोबाची जागा असते आणि वाघ-बिबट्याही याच परिसरात राहणार हे त्यात गृहीत धरलेलं असतं. गोठ्याचं दार, कचऱ्याची गाडी आणि दिवसाची वीज यांची व्यवस्थाही तेवढंच गृहीत धरून करावी लागेल.