इंग्रजीतील जिव्हाळ्याचे शब्द

लव्ह, अफेक्शन, फाँडनेस, अटॅचमेंट इत्यादी इंग्रजी शब्दांचा गट. इंग्रजी-मराठी कोशांत या सगळ्यांपुढे फिरून फिरून ‘प्रेम’, ‘माया’, ‘जिव्हाळा’ एवढेच सापडते. इंग्रजी बोलणारा मात्र एकाच्या जागी दुसरा सहसा चालवून घेत नाही.

लव्ह हा जर्मानिक कुळातला, गटातला थोरला. त्याचे मूळ संस्कृत ‘लुभ्’ धातूशी जुळते, म्हणजे पत्राअखेर येणारा ‘लोभ असावा’मधला लोभ त्याचा चुलतभाऊच. आईपासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो, म्हणून त्याचे वजन संदर्भावरून ठरते. ग्रीक ‘अगापे’साठी विल्यम टिंडलने १५२६ च्या नव्या करारात लव्ह योजला, तेव्हा टॉमस मोरने हरकत घेतली; त्याला चॅरिटी हवा होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात १६११ च्या किंग जेम्स बायबलने चॅरिटीच ठेवला. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत लव्ह परत आला.

फाँडची कुळकथा अधिक मजेची. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मूर्ख’. शेक्सपिअरच्या काळीही तो अर्थ जिवंत होता, आणि ‘फाँड होप’ म्हणजे भाबडी आशा, हा प्रयोग अजून चालतो. मूर्खाचा भाबडा, भाबड्याचा मायाळू असा तो निवळत गेला. आपली ‘वेडी माया’ याच वाटेवरची. नातवावर ‘डोट’ करणाऱ्या आजोबांच्या शब्दातही म्हातारचळ दडलेला आहे. इन्फॅच्युएशनमधला लॅटिन ‘फॅट्युअस’, म्हणजे मूर्ख, मात्र निवळला नाही. तिथे दोष कायम आहे. लव्हच्या कबुलीला ‘आय अ‍ॅम व्हेरी फाँड ऑफ यू’ असे उत्तर आले, तर तो नकार समजावा. ‘व्हेरी’ने तो जरा मऊ होतो इतकेच.

अफेक्शन एके काळी कोणत्याही मनोविकाराला म्हणत. जुन्या वैद्यकात तर शरीराच्या विकारालाही. आज तो शब्द सहवासाने वाढणाऱ्या, वागण्यात दिसणाऱ्या मायेचा: पाठीवरचा हात, पायाशी अंग घासणारे मांजर. सी. एस. लुईसने ‘द फोर लव्ह्ज’मध्ये (१९६०) ग्रीक ‘स्टॉर्गी’साठी हाच शब्द घेतला.

अटॅचमेंट इंग्रजीत आला तो कायद्यातून, अटक आणि जप्ती या अर्थाने. आपल्याकडे दिवाणी कोर्टात तो अजून जप्तीचाच शब्द आहे. भावनेचा अर्थ नंतरचा; जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तो तरुण-तरुणींच्या अनुरागाला लागतो, तर मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बीच्या १९६९ च्या ग्रंथात मुलाच्या आईशी असलेल्या बंधाला. यात आवड असेलच असे नाही. गंजलेली, चेन उतरणारी सायकल भंगारात देववत नाही, ती अटॅचमेंट. अफेक्शन देता येते, ही जडते.