बाटलीतलं विष आणि ताटातलं विष

१९५८ साली केरळात दूषित पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसं मेली. मुंबईहून जहाजाने धान्य गेलं, त्याच जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशकही होतं. ते गळून पोत्यांत उतरलं. न्यायमूर्ती शहा आयोग बसला. कीटकनाशक कायदा यायला मात्र १९६८ उजाडलं. दहा वर्षं!

आता २००३ बघा. दिल्लीच्या सीएसई संस्थेने ऑगस्टमध्ये शीतपेयांच्या बारा ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश दाखवले आणि त्याच महिन्यात शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. नेमली ते चांगलंच झालं. पण आम्ही विचारतो, अंश काय फक्त बाटलीत असतात?

कीटकनाशकाचा किती अंश रोज पोटात गेला तर चालतो, हे शरीराच्या दर किलो वजनामागे ठरवतात. मूल वजनाच्या मानाने मोठ्यापेक्षा जास्त खातं. भाजी तीच, पण लेकराच्या वाट्याला मात्रा जास्त. त्यावर 'सेंद्रिय खा' हा सल्ला! बाजार उठताना उरलेली भाजी घेणाऱ्या बाईला तो देऊन बघा.

१६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेच्या माध्यान्ह भोजनाने २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. तो अपघात होता, अंशाचा प्रश्न वेगळा, असं कुणी म्हणेल. मान्य. पण सरकारी ताट तपासल्याशिवाय मुलांपुढे जातं, हे त्या दिवशी उघडं पडलं. आमच्या वस्तीतल्या शाळेच्या खिचडीची डाळ कुठल्या प्रयोगशाळेत, किती वेळा तपासली, हे अन्न व औषध प्रशासनाने शाळेच्या फळ्यावर लिहावं.