मुलं लग्न का टाळताहेत? अवधपुरी ते सोलापूर : हिशेब समजून घ्या

भोपाळमधील भेल कारखान्याला लागून असलेली अवधपुरी ही नोकरदारांची वस्ती. भेलची सुरुवात 1956 ची. पक्की नोकरी, क्वार्टर आणि मग लग्न, असा त्या पिढीचा क्रम होता. आता पक्क्या जागा कमी आणि ठेक्यावरची कामं जास्त, त्यामुळे हा क्रमच मोडलाय. ‘सेटल झाल्यावर बघू’ हे वाक्य मराठी घरांतही आता सवयीचं झालंय.

आकडे काय सांगतात?
केंद्र सरकारच्या ‘यूथ इन इंडिया 2022’ अहवालानुसार 15 ते 29 वयोगटातील अविवाहितांचा वाटा 2011 मध्ये 17.2 टक्के होता, तो 2019 मध्ये 23 टक्के झाला. पुरुषांत तो 20.8 वरून 26.1 वर गेला, तर महिलांत 13.5 वरून 19.9 वर. म्हणजे लग्न लांबवणारी फक्त मुलंच नाहीत.

हिशेब कुठे अडतो?
30 लाखांचं घरकर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 26 हजार. पगार 35 हजार असेल तर हातात उरतात 9 हजार. लग्नासाठी 5 लाखांचं पर्सनल लोन 12 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी काढलं, की आणखी 11 हजारांचा हप्ता. म्हणजे गणित थेट उणे. त्यात 2015 मध्ये 10 ग्रॅमला 26 हजारांच्या आसपास असलेलं सोनं एप्रिल 2025 मध्ये लाखाला टेकलं. हॉल, केटरिंग, बस्ता, मानपान वेगळाच.

‘नको’ आणि ‘मिळत नाही’
या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शहरातला मुलगा खर्चाला घाबरून थांबतो. गावातल्या शेतकरी मुलाला स्थळच येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. फेब्रुवारी 2023 मध्ये कर्नाटकातील मंड्याच्या अविवाहित तरुणांनी मलेमहादेश्वर डोंगरापर्यंत पदयात्रा काढली. यामागे फक्त पैसा नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 894 मुली होत्या. ती मुलं आता लग्नाच्या वयात येताहेत.

मुलीकडच्यांचंही चुकत नाही. शिकलेली, कमावती मुलगी बेभरवशाच्या उत्पन्नात कशी द्यायची, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. पण ‘पक्की नोकरी, स्वतःचा फ्लॅट आणि वर शेतीही’ ही अट फार थोडी स्थळं पूर्ण करतात.

खर्च कमी करायचा तर
• विशेष विवाह कायदा, 1954 नुसार नोंदणी लग्न करता येतं. वर-वधूपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीसही 30 दिवसांची असते. दोघं वेगवेगळ्या राज्यांतले असले तरी चालतं.
• मध्य प्रदेशात 2006 पासून मुख्यमंत्री कन्या विवाह योजनेत सामूहिक लग्नं होतात. अटी स्थानिक नगरपालिका किंवा जनपद कार्यालयात विचाराव्यात.
• हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही 1961 पासून गुन्हा आहे.

मुलगा ‘नको’ म्हणाला की घरचे त्याच्या स्वभावावर येतात. त्याआधी एकदा त्याची सॅलरी स्लिप आणि हप्त्यांचा कागद समोर घेऊन बसावं. निम्म्या घरांत उत्तर तिथंच सापडेल.