रिकाम्या डब्याचं वजन

पिट्सबर्गला आलो त्या वर्षी माझ्या हातून एक सिलिंडर चुकला. कन्व्हेयरवरची 40 किलोची खोकी त्या सिलिंडरने बाजूला सारायची होती. ढकलायला जोर किती लागेल, एवढंच मी मोजलं. दोन आठवड्यांत सिलिंडरचं पुढचं झाकण तडकलं. जोर भरपूर होता. स्ट्रोकच्या टोकाला वेग कुठे जिरणार, याचा विचारच केला नव्हता.

पुढे कधीतरी विल्मर्डिंगला गेलो. टर्टल क्रीकच्या खोऱ्यातलं हे गाव जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या एअर ब्रेकच्या कारखान्याभोवती वाढलं. एअर ब्रेकच्या आधी रेल्वेगाडी थांबवायला ब्रेकमन डब्यांच्या टपांवरून पळत एकेक हातचाक आवळायचे. बर्फावरून पाय घसरला की संपलं. वेस्टिंगहाउसने 1869 साली, 22व्या वर्षी, पेटंट घेतलं. इंजिनावर वाफेवर चालणारा हवेचा पंप, गाडीभर नळी, डब्याखाली सिलिंडर. पण नळी फुटली की ब्रेकही गेले. म्हणून 1872 मध्ये त्याने सगळं उलटं केलं. प्रत्येक डब्याला हवेची टाकी दिली. नळीतला दाब उतरला की टाकीतली हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतो.

खरा कस लागला मालगाडीवर. आयोवातल्या बर्लिंग्टनला 1886-87 मध्ये 50-50 डब्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढच्या डब्यांना ब्रेक लागायचा आणि मागचे त्यांच्यावर येऊन आदळायचे. वेस्टिंगहाउसने झडप सुधारली: ब्रेक जोरात मारला की प्रत्येक डबा नळीतली हवा जागच्या जागी सोडू लागला, ब्रेक मागेपर्यंत झपाट्याने पोचू लागला. 1893 मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेल्वेगाड्यांच्या सुरक्षेचा कायदा केला आणि असे ब्रेक सक्तीचे झाले.

गाडी लवकर थांबवायला मग सिलिंडरच मोठा का घेऊ नये? चौरस इंचाला 50 पौंड दाब असेल तर 8 इंची पिस्टन सुमारे 2,500 पौंड जोर देतो, 10 इंची 3,900. पण जोर वाढवला तर रिकाम्या डब्याची चाकं जाम होतात, रुळावर घासून चपटी होतात. तोच डबा मालाने भरला की तोच जोर अपुरा पडतो. म्हणून मालडब्याचा ब्रेक रिकाम्या वजनाला बेतत. पुढे रिकाम्या-भरल्या डब्यासाठी जोर बदलणारी यंत्रणाही आली.

मीही माझ्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, वाढवला नाही. वेग उतरवला, टोकाला शॉक ॲब्सॉर्बर बसवला. ते यंत्र पुढे बरीच वर्षं चाललं. आता नवी मुलं “बोअर किती घेऊ?” म्हणून येतात, तेव्हा मी आधी विचारतो: भार किती, वेग किती, आणि खोकं रिकामं आलं तर?