तारवाल्यांची पायपीट आणि पडद्यावरचा बाजार

स्लोव्हाकिया हा देश नकाशात दाखवायचा म्हटला की इतिहासाच्या शिक्षकालाही दोनदा बोट फिरवावे लागते. १९९३ साली चेकोस्लोव्हाकियाच्या वाटण्या झाल्या, त्यांतला पूर्वेकडचा हा धाकटा वाटा. या देशाच्या वायव्य कोपऱ्यात, वाह नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि किसुत्सेच्या डोंगरांत, अठराव्या शतकात तारकामाचा एक धंदा फोफावला. त्याची हकीकत सांगण्यास एक निमित्त आहे. घरी बसून हाताने वस्तू घडवायची आणि संगणकाच्या पडद्यावरून परमुलखातल्या गिऱ्हाइकाला विकायची, हा उद्योग अलीकडे आपल्याकडच्या मुलामुलींनाही खुणावू लागला आहे. या डोंगरी माणसांनी तोच उद्योग दीड-दोनशे वर्षे पायी केला.

त्यांना द्रोतार म्हणत. 'द्रोत' म्हणजे तार. द्रोतार म्हणजे तारवाला. हलकी जमीन, लांबलचक हिवाळा आणि वाटण्या होत होत चिंधीएवढी उरलेली शेते. आपला कोकणी माणूस ज्या कारणाने मुंबईच्या बोटीत चढला, त्याच कारणाने हा गडी पाठीवर लाकडी पेटी बांधून घराबाहेर पडला. पेटीत तारेची वेटोळी, पक्कड, एक हातोडी, थोडा पत्रा. भांडवल म्हणाल तर एवढेच.

त्याचे मुख्य काम तडकलेली भांडी सांधण्याचे. त्या काळी घरोघर स्वयंपाक मातीच्या भांड्यात होई आणि नवे भांडे घेणे गरिबाला सहज परवडत नसे. द्रोतार तडकलेल्या मडक्याभोवती तारेची जाळी विणी, पिळे देऊन ती आवळी आणि फट लुकणाने बुजवी. डाग नाही, झाळ नाही. नुसती तार वाकवायची, गुंफायची, आवळायची. असे जाळीबंद भांडे पुन्हा चुलीवर चढे. काही शहाण्या गृहिणी नवे मडकेही आधीच जाळीत बांधून घेत, म्हणजे तडकण्याची भीती नको. याच हाताने मग उंदरांचे सापळे, पिंजरे, टोपल्या, झाकण्या आणि अंडी घुसळण्याची साधने होऊ लागली. आपल्या कल्हईवाल्यासारखीच त्याची आरोळी ठरलेली असे आणि ती ऐकली की बायका फुटकी भांडी घेऊन दारात येत.

या धंद्याची एक बाजू मात्र काळी आहे, आणि ती झाकून या कलेचे गोडवे गाणे मला पटत नाही. मालक द्रोतार आपल्याबरोबर दहा-बारा वर्षांची पोरे नेत. त्यांना 'जारेक' म्हणत. पोराने दारोदार फिरून काम मागावे, भाकरतुकडा मागावा आणि संध्याकाळी मिळकत मालकाच्या हाती द्यावी. कोणी चांगले कारागीर झाले, कोणी पळून गेले, कोणी वाटेतच दगावले. हस्तकला म्हटले की आपण हळवे होतो. त्या पोरांच्या पायांतल्या भेगा कोणत्याही प्रदर्शनात मांडलेल्या नसतात.

हे लोक राहत हंगेरीच्या राज्यात, घरी बोलत स्लोव्हाक, आणि धंद्यासाठी फिरत जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश मुलखांत. पोटापुरत्या चार भाषा येणे ही त्यांची सहज गोष्ट होती. बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी आणि घरात मराठी असा दिवस काढणाऱ्या आपल्या माणसाला याचे नवल वाटू नये. शिवाय त्यांची आपसातली एक गुप्त बोलीही होती. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला ती उपयोगी पडे! मध्य युरोपात हा तारवाला इतका ओळखीचा झाला, की चेक भाषेतील पहिला ऑपेरा मानला जातो तो त्याच्यावरच आहे. फ्रान्तिशेक श्क्रोउपचा 'द्रातेनीक' १८२६ साली प्राग येथे रंगभूमीवर आला. पुढे १९०२ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ लेहारनेही याच विषयावर संगीतिका केली. ज्याला लोक ओसरीवरही बसू देत नसत, त्याला नाटकगृहात टाळ्या मिळाल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काहींनी पाठीवरची पेटी उतरवली आणि रशिया, जर्मनी, थेट अमेरिकेतही कार्यशाळा उघडल्या. वेल्के रोवनेसारख्या खेड्यातली माणसे परदेशी शहरांत मालक झाली. मग १९१४ चे महायुद्ध आले. १९१७ च्या क्रांतीने रशियातील कारखाने गिळले. १९१८ मध्ये जुने साम्राज्य मोडले आणि कालपर्यंत जी नुसती पायवाट होती तिच्यावर नाकी बसली, परवाने आले. त्याच सुमारास एनॅमल आणि अॅल्युमिनिअमची स्वस्त भांडी घराघरांत शिरली. तडकण्याचाच प्रश्न मिटला, तेव्हा सांधणाऱ्याला कोण विचारणार? सीमारेषा हलली की माणूस जागच्या जागी परका कसा होतो, हे १९५६ नंतर या भागात वाढलेल्यांना वेगळे शिकवायला नको.

धंदा गेला, हात मात्र राहिले. उपयोगाच्या वस्तूंकडून ते शोभेच्या वस्तूंकडे वळले: फळांच्या परड्या, दागिने, पशुपक्ष्यांच्या आकृती. झिलिना शहरालगतच्या बुदातीन किल्ल्यातील संग्रहालयात तारकामाचा मोठा संग्रह आहे. २०१९ च्या डिसेंबरात युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता पडद्यावरच्या बाजाराकडे येऊ. २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 'एट्सी' नावाचे संकेतस्थळ निघाले. हाताने केलेल्या वस्तूंचाच बाजार, असा त्याचा बाणा. पुढल्याच वर्षी जर्मनीत 'दावांदा' आले. एका वस्तूची जाहिरात चार महिने टांगायला एट्सी वीस सेंट घेई, आणि विक्री झाली तर साडेतीन टक्के. तारवाल्याला आता शंभर गावे तुडवायला नकोत. छायाचित्र चांगले काढावे, वर्णन नेमके लिहावे, पार्सल नीट बांधावे. सुरुवात अशी गोड होती.

पण बाजाराचा मालक बदलला नाही तरी त्याची भूक बदलते. २०१३ मध्ये एट्सीने बाहेरच्या कारखान्याकडून माल करून घेण्याची मुभा दिली आणि 'हस्तनिर्मित' या शब्दाचा पीळ सैल झाला. २०१५ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. २०१८ मध्ये टक्केवारी साडेतीनवरून पाच झाली, २०२२ मध्ये साडेसहा. त्या एप्रिलात हजारो विक्रेत्यांनी ११ ते १८ तारखेपर्यंत आपली पडद्यावरची दुकाने बंद ठेवली. इतका विखुरलेला कारागीरवर्ग एका हाकेने थांबतो, ही मला इतिहासात नोंदण्याजोगी गोष्ट वाटते. दर मात्र उतरला नाही. 'दावांदा'ने तर ऑगस्ट २०१८ मध्ये गाशाच गुंडाळला. ज्यांची वर्षांची गिऱ्हाइकी तिथे साठली होती त्यांना दुसऱ्या दारी जाऊन नव्याने मांडावे लागले. जुना द्रोतार निदान कोणत्या गल्लीत कोणती बाई आपल्याला ओळखते हे स्वतःच्या डोक्यात बाळगून होता.

आपल्याकडची अडचण निराळीच आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी तांब्याच्या तारेची झाडे आणि कर्णभूषणे करते. (तिच्या आजीने पूर्वी प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या विणून घरखर्चाला हातभार लावला होता, तेव्हा हे घराण्यातच आहे म्हणा.) ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालील उलाढालीच्या लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या पूर्ण नोंदणीशिवाय, पॅनवरून केवळ एक क्रमांक घेऊन, ऑनलाइन बाजारात माल मांडण्याची सवलत मिळाली. सवलत उत्तम, पण अट अशी की विक्री आपल्याच राज्यात व्हावी. म्हणजे बेळगावची मुलगी पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला बिनदिक्कत पार्सल धाडील, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला धाडायचे तर नोंदणी, विवरणपत्रे, हिशेबनीस! मुंबईत किंवा म्हैसुरात बसणाऱ्याला ही अट जाणवणारही नाही. आपले गिऱ्हाईक, आपले सोयरे, आपली लग्नकार्ये निम्मी सीमेपलीकडे आहेत.

तिने मला विचारले, "सर, काय करू?" मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्याने ज्याने काही घेतले त्याचे नाव-गाव राजीखुशीने मिळत असेल तर स्वतःच्या वहीत लिहून ठेव; बाजार उद्या उठला तरी वही उरेल. दुसरी, वस्तूचे वर्णन कानडीतही लिही. पहिली तिने लगेच मानली. दुसरीवर ती हसली, कारण ते तिने केव्हाच केले होते. आणि माझ्या शाळेत पाचवीपासून मन लावून कानडी शिकलेली ती बहुधा एकटीच निघाली. सध्या तिचा बराचसा माल धारवाड, हुबळी आणि बेंगळुरूकडे जातो. कोल्हापूरकडच्या मागण्या तिने वहीच्या मागच्या पानांवर वेगळ्या मांडल्या आहेत. नोंदणीचा खर्च भरून निघेल इतक्या झाल्या की अर्ज करायचा, असा तिचा हिशेब आहे. परवा भेटली तेव्हा तिसरे पान चालू होते.